आधी नाक, मग नोकरी

जंतू वाढवायचे तर इनक्युबेटर लागतो. किस्से मात्र आमच्या लॅबबाहेरच्या चहाच्या टेबलावर उघड्यावरच वाढतात, आणि मरता मरत नाहीत!

लॅब उल्हासनगरच्या एका कॉलेजातली. इथे नव्या माणसाचं स्वागत नाकात काडी घालून होतं! धडधाकट माणसाच्या नाकातही स्टॅफ नावाचा जंतू मजेत राहतो. तो रुग्णांच्या नमुन्यांत मिसळायला नको, म्हणून प्रत्येकाचा स्वॅब. कुळगावची प्रज्ञा पीएच.डी.ला आली, ती पहिल्याच दिवशी शिंकून बेजार. सुटले फक्त आमचे कामत सर. म्हणाले, "मी गाइड आहे, नमुना नाही!"

*

हा स्टॅफ एक एन्झाइम सोडतो, त्याने ट्यूबमधला प्लाझ्मा गोठतो. ट्यूब हलवायची नाही, हळूच तिरकी करून बघायची. आमच्या नीतूला धीर कुठला! सारखी हलवून विचारायची, "हुआ क्या? अजून नाही?"

प्रज्ञा वैतागली. "नीतू, तुझ्या घरी दही कधी लागतं का गं?"

"नाही ना यार, मम्मी डेअरीतूनच आणते!"

*

प्रज्ञाला बघायला अंबरनाथहून पाहुणे आले. "मुलगी काय करते?"

तिची आई कौतुकाने म्हणाली, "जंतूंना खायला घालते. स्वतःच्या हाताने!"

पोह्यांच्या बशा भरलेल्याच परत आल्या. पोहे प्रज्ञानेच केले होते.

*

प्रज्ञाचा सगळा थीसिस तीन गावांतल्या रुग्णांच्या जखमांमधल्या स्टॅफवर. कुठला जंतू कुठल्या घराण्यातला, हे त्यांची जनुकं ताडून, म्हणजे टायपिंग करून ठरवायचं. रिझल्ट आला आणि उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, तिन्हीकडे हुबेहूब एकच घराणं!

सर हवेत. नेहमीसारखा मास्क हनुवटीवर ओढून, जंतू वाढवायच्या उघड्या प्लेटांवर वाकून म्हणाले, "साथ आहे ही! कॉन्फरन्सला मीच बोलणार."

प्रज्ञा रडवेली झाली. "काहीतरी घोळ आहे. माझी सगळी मेहनत पाण्यात जाईल हो!"

तिने आम्हा सगळ्यांच्या नाकातले जंतू पुन्हा ताडून पाहिले. एकाचाही जुळेना. उरलं एकच नाक. तिने अक्षरशः हात जोडले, तेव्हा कुठे सरांनी कुरकुरत काडी घालू दिली.

पुढच्या आठवड्यात सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय प्रज्ञा, थीसिसचं पहिलं पान तरी झालं का?"

"तेवढंच अडलंय, सर. तुमचं नाव गाइड म्हणून टाकू, की नमुन्यांत?"