नवसाच्या चित्रातली सायकल

कोर्बिनियन हाउसलर टेकडीवरच्या मारियामातेचा नवस फेडायला येतो तो असा, जणू माता नाही, हाच नवसाला पावलाय. आमच्या बव्हेरियातल्या गावात त्यानं चाळीस वर्षं चीज केलं. निवृत्त झाल्यापासून नुसत्या बढाया. टेकडीवरचं आमचं जुनं बरोक शैलीतलं चर्च आधीच सोन्यानं आणि गुबगुबीत देवदूतांनी भरलेलं, त्यात हा आणखी एक फुगलेला. चर्चच्या किल्ल्या माझ्याकडे, म्हणून मला दरवर्षी ऐकून घ्यावं लागतं.

वीस वर्षांपूर्वी त्याची बायको आफ्रा अंथरुणाला खिळली होती. ती उठली तर वीस वर्षं, मातेच्या सणाला, वाटेत पाय न टेकता सायकलनं वर येईन, असा नवस तो बोलला. आफ्रा उठली. तेव्हापासून हा पोचला की टाळ्या पडतात, लोक बिअर पाजतात. तासाभरानं आफ्रा चालत येते, पिशवीत त्याचा कोरडा सदरा आणि सॉसेज-पाव घेऊन. तिच्याकडे कुणी बघतही नाही.

यंदाची फेरी विसावी. सत्तरी ओलांडलेला गडी, पण धापसुद्धा लागली नाही. बघते तर सायकलच्या दांड्यावर बॅटरी!

"मोटर लावलीस होय रे?"

"नवसात मोटरचं कुठं काय ठरलं होतं? पाय टेकला नाही ना, झालं तर!"

मग टाळ्या-बिअर आटोपल्यावर त्यानं मातेला वाहायला मुद्दाम रंगवून घेतलेलं नवसाचं चित्र बाहेर काढलं. आमच्या भिंतीवर अशी दोनशे आहेत. प्रत्येकात खाट, खाटेवर आजारी माणूस, वर ढगात माता. याच्या चित्रात माता अक्रोडाएवढी, आणि मधोमध सायकलवर हा, चाकाची एकेक तार मोजून घ्यावी असा.

"आफ्रा कुठाय यात?"

"चाकांनी जागा खाल्ली गं."

असा संताप आला मला! तेवढ्यात घामाघूम आफ्रा आली. तिनं चित्र बराच वेळ पाहिलं आणि पिशवी त्याच्या हातात दिली.

"माझाही एक नवस होता," ती म्हणाली. "तू सुखरूप पोचावास म्हणून वीस वर्षं तुझ्या मागोमाग चालत येईन, असा. आज फिटला. आता तू ये चालत."

स्कर्ट सावरून ती सायकलवर बसली आणि उतारावरून निघाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोर्बिनियन पिशवी धरून उभाच.

"हिला चित्रात कुठं काढू गं आता?" त्यानं बारीक आवाजात विचारलं.

मी पेन्सिल पुढे केली. "सीटवर. आणि मागं पिशवी घेऊन चालणारा एक माणूस काढ. लहानसा."