पाववाल्याचे मासे

माझा मामा होडी चालवायचा, पण बेटावर त्याला होडीवाला कोणीच म्हणायचं नाही. सगळे पाववाला म्हणायचे. त्याला त्याचा राग यायचा नाही. उलट कोणी तशी हाक मारली की त्याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आई गेल्यावर मी त्याच्याच घरी वाढले. दोन खोल्या, मागे चूल, पुढे ओटा आणि ओट्यावर सदा वाळत पडलेली जाळी. जाळ्यात काही लागलं तर जेवण, नाही तर मामीची भांड्यांची आदळआपट. तरणी पोरं एकेक करून शहराची वाट धरत होती. अशात किनाऱ्यावर पहिले पर्यटक उतरले. आम्ही त्यांना पाहुणे म्हणायचो. मामानं जाळी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि तो पाहुण्यांना होडीतून खडक दाखवायला न्यायला लागला.

खडक म्हणजे प्रवाळाचा. किनाऱ्यापासून जरा आत, पाण्याखाली, कुठे जांभळा, कुठे केशरी. पण वरून बघणाऱ्याला त्यातलं फार काही दिसत नसे. एकदा होडीतली एक वयस्कर बाई कंटाळून जांभया द्यायला लागली. मामानं आपल्या डब्यातला पाव कुस्करून पाण्यात टाकला, आणि रंगीबेरंगी माशांची अशी झुंबड उडाली की बाईनं टाळ्याच वाजवल्या. झालं. त्या दिवसापासून बेकरीतले शिळे पाव पोतं भरून होडीत यायला लागले. मामा होडीच्या फळीवर बोटांनी टकटक करायचा की मासे हजर. एकाचं नाव त्यानं शेटजी ठेवलं होतं, एकीचं नकटी. शेटजीला तो दमही भरायचा, "अरे, बाकीच्यांना खाऊ दे जरा." मामी म्हणायची, एवढं गोड हे माझ्याशी कधी बोलले नाहीत.

मला ते दिवस फार आठवतात, खोटं कशाला बोलू. शाळा सुटली की मी दप्तरासकट होडीत. पाव कुस्करायचं काम माझं. हाताला चुरा चिकटायचा आणि मासे बोटांना लुचायचे. तेवढं निखळ सुख मला पुढे क्वचितच मिळालं.

बाकीच्या होडीवाल्यांनी मामाची युक्ती उचलायला वेळ लावला नाही. बेटावर बरकत आली. आमच्या घराला पक्कं छप्पर मिळालं, दवाखाना झाला, शाळेत मास्तर टिकायला लागले, गेलेली पोरं परत आली. मी आज शहरात नर्स आहे ती त्या शिळ्या पावाच्या जोरावर. म्हणून पर्यटनाला सरसकट नावं ठेवणारे भेटले की माझं डोकं फिरतं.

पण खडक बिघडत चालला होता, तेही खरं. दिवसभर होड्यांचे नांगर पडायचे आणि प्रवाळाच्या फांद्या मोडायच्या. जे उरलं त्यावर हिरवं शेवाळ चढलं. फोटोतला रंग कुठे गेला, असं पाहुणे तोंडावर विचारायला लागले. शेवटी धक्क्यावरच्या शेडमध्ये होडीवाल्यांची बैठक भरली. नांगर बंद, तरंगती पिंपं साखळीनं तळाशी पक्की करून होड्या त्यांनाच बांधायच्या, पाळीपाळीनं जायचं, अर्ध्या खडकाला विसावा द्यायचा, असं ठरत गेलं. मामा मान डोलवत होता. मग कोणीतरी पावाचं काढलं. मासे पावानं पोट भरतात, मग खडकावरचं शेवाळ खरवडून खाणार कोण? मामा ताडकन उठला. माझ्या पावानं कोणाचं काय वाकडं केलंय, असं म्हणून तरातरा घरी आला.

मी तेव्हा सुट्टीवर आले होते. मामी शांतपणे म्हणाली, "अहो, एकदा खाली जाऊन बघा तरी."

गंमत अशी की इतक्या वर्षांत मामानं खडक खालून कधी पाहिलाच नव्हता. पाहुण्यांनी उड्या मारायच्या आणि होडीवाल्यानं होडी सांभाळायची, ही आमच्याकडची रीत. त्याचे मासे त्यानं वरूनच पाहिलेले, आ वासून आलेले.

दुसऱ्या दिवशी त्यानं पाहुण्यांचा पाण्याखाली बघायचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तो पाण्यात उतरला. फळी मी वाजवली, पाव मी टाकला. तो बराच वेळ खाली राहिला. वर आला आणि चष्मा काढून फळीवर ठेवला.

"काय दिसलं मामा?"

"इथे वर झुंबड, आणि खाली घर ओस पडलंय. हात लावला तर सगळं बुळबुळीत." मग म्हणाला, "मीच लाडावून ठेवले गं त्यांना."

उरलेले पाव त्यानं घरी आणले आणि मामीच्या कोंबड्यांना घातले. संध्याकाळी धक्क्यावर जाऊन त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, माझा पाव बंद. पाववाल्यानंच बंद केल्यावर बाकीच्यांना बोलायला जागा उरली नाही.

खरा त्रास पुढे होता. फळी न वाजवताही मासे यायचे. त्यांना इंजिनचा आवाज ओळखीचा झाला होता. शेटजी होडीभोवती घिरट्या घालायचा आणि मामा त्याच्याकडे पाठ करून बसायचा. एका पाहुण्यानं बिस्किटं टाकली तर मामानं पुडाच हिसकावून घेतला, त्यावरून रामायण झालं. गिऱ्हाईक तुटलं. मामीनं पुढची खोली पाहुण्यांना भाड्यानं देऊन घर ओढलं. फोनवर ती मला सांगायची, ताटात पाव दिसला तर हे ताट सरकवतात, लहान मुलासारखे.

नोकरी, संसार यात माझं जाणं राहून गेलं. यंदा गेले. मामाचे केस पांढरे झालेत, इंजिन मात्र तेच, खोकणारं. त्यानं होडी पिंपाला बांधली आणि चष्मा माझ्या हातात दिला. पाणी स्तब्ध होतं. एकही मासा वर आला नाही.

मी तोंड पाण्यात घातलं. जुने रंग सगळे आले नव्हते, पण मोडक्या बुंध्यांना बोटाएवढे नवे कोंब फुटले होते. आणि मासे, केवढे तरी मासे, माना खाली घालून खडक खरवडत होते. त्या खरवडण्याची करकर कानाला ऐकू येत होती. मी वर आले तेव्हा माझे डोळे भरले होते.

मामानं विचारलं, "एखादा तरी वर बघतो का गं माझ्याकडे?"

"नाही मामा. कोणीच नाही."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि तोंड फिरवून पिंपाची दोरी बांधायला लागला. ती सुटलेली नव्हती.