भायांपुढचा पदर

हसनाबादजवळच्या एका गावात मी सून म्हणून आले ती मोठ्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी. जालन्यात वाढलेली, तोंडाची फटकळ मी. सासरी मात्र तोंडाला कुलूप. त्यातून नवऱ्याचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे भाया, समोर आले की पदर हनुवटीपर्यंत ओढायचा आणि हूं की चूं करायचं नाही. त्यामुळे सुरुवातीला मला भायांचे फक्त पाय ठाऊक होते. रुंद, भेगाळलेले, डाव्या अंगठ्याला नख नसलेले. औताचा फाळ लागून गेलं होतं म्हणे.

एका सकाळी चुलीपाशी एक बाई बसलेली दिसली. हिरवं लुगडं, ठसठशीत कुंकू, भाकरी थापायचा हात असा की बघत राहावं. पाहुणी असेल म्हणून मी शेजारी टेकले आणि माझी टकळी सुरू झाली. नवरा कसा घोरतो इथपासून ते भाया नुसते खाकरले तरी माझ्या पोटात कसा गोळा येतो, इथपर्यंत. बाई पदर तोंडाला लावून हसत होती. मग ती लाकूड सारायला वळली आणि लुगड्याखालून पाय दिसला. अंगठ्याला नख नव्हतं.

मी चटकन पदर ओढला. तिचं हसू मावळलं. तव्यावरची भाकरी करपली तरी तिनं उलटली नाही.

धावतच मी सासूबाईंना गाठलं. त्या अंगणात शेंगा फोडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "धोतर असलं की भाया, पदर घ्यायचा. लुगडं असलं की आक्का, मंग कशाला पदर? लहानपनापसून तसंच हाये ते. लगीन न्हाई केलं आमी. कुनाच्या लेकीला कशाला फसवायचं?"

आणि पुन्हा शेंगा फोडू लागल्या. मी थक्क होऊन उभी. शिकलेली मी, सातवी पास, आणि हे कुणी मला शाळेत सांगितलं नव्हतं. पुढे दिवाळीत सासऱ्यांनी थोरल्यासाठी धोतरजोडी आणि लुगडं दोन्ही आणून शेजारी शेजारी ठेवलं, तेव्हा तर मला त्या अबोल म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं. भाया तिफण धरायचे, बैलांना दटावायचे, पंचायतीत बसायचे. आक्का माझी वेणी घालायची, माहेरच्या आठवणीनं रडले तर जवळ घ्यायची. माणूस एकच. मी कितीदा चोरून बघायचे, कुठे जोड दिसतोय का म्हणून. कधीच दिसला नाही.

माझं पहिलं मूल पोटातच गेलं. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात ओटी भरायची ठरली तेव्हा मी फार घाबरलेली होते. आळीतल्या बाया जमल्या. सासूबाईंनी ओटी भरली, चुलतसासूनं भरली, आणि मग दारातून आक्का आली. सुपात गहू, नारळ, भोकरदनच्या बाजारातून स्वतः निवडून आणलेला खण.

चुलतसासू आडवी झाली. "न्हाई. ना सवाष्ण, ना बाई. एकदा इस्कोट झालाय, आता पोरीच्या पोटाला काही झालं तर कोन भरून देनार?"

सासूबाईंचासुद्धा हात थांबला. आक्कानं सूप खाली ठेवलं आणि हलकेच म्हणाली, "बराबर हाये. मी कपडे बदलून येते."

ती वळली. धोतर नेसून आली असती तर माझ्यापुढे भाया उभे राहिले असते, आणि आक्का पुन्हा कधी आली असती की नाही, कोण जाणे. भीती मलाही होती, खोटं कशाला बोलू. पण राग त्याहून मोठा होता. मी पाटावरून उठले. बायांसमोर डोक्यावरचा पदर काढला आणि तिच्यापुढे पसरला.

"आक्का, माझी ओटी राह्यली," मी म्हणाले. सासरी मोठ्यानं बोललेलं माझं पहिलं वाक्य.

तिनं सूप उचललं आणि गडबडीत निम्मे गहू पदराबाहेरच सांडले. मी वाकून तिच्या दोन्ही पावलांना हळद लावली. भरपूर लावली. चुलतसासू बघत होती म्हणून आणखी लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीत खाकरणं ऐकू आलं. मी रीतसर पदर हनुवटीपर्यंत ओढला. भाया औत घेऊन शेताकडे निघाले होते. मी पदराखालून बघितलं. धोतराच्या काठाखाली दोन्ही पावलं पिवळीधमक होती. त्यांनी ती धुतली नव्हती.