झोप उडवून विकलेली कुलपं

चावीभाऊंच्या दुकानाला दुकान म्हणायचं ते केवळ शटर होतं म्हणून. दोन्ही हात पसरले की बोटं दोन्ही भिंतींना टेकायची. एका भिंतीवर कोऱ्या किल्ल्यांचे घोस, दुसऱ्या भिंतीवर कुलपं, मध्ये किल्ली कापायचं यंत्र आणि यंत्रामागे स्वतः चावीभाऊ. सव्वीस वर्षं ते त्याच स्टुलावर बसत आले होते. त्यांचं खरं नाव बँकेच्या पासबुकाखेरीज कुठे उरलं नव्हतं.

हात मात्र सोन्याचा. बंद कुलपाला कान लावून ते आत काय अडलंय ते सांगत. कुणाची किल्ली आत राहिली, दार ओढलं गेलं, की लोक त्यांना बोलवायला धावत. ते यायचे, घरच्यांना म्हणायचे, "जरा तिकडे तोंड करा," आणि गर्दीकडे पाठ करून काम करायचे. त्यांच्या उस्तादाची शिकवणच तशी होती. कुलूप उघडून द्यावं, उघडणं दाखवू नये.

गेल्या चारपाच वर्षांत धंद्याला ओहोटी लागली. नव्या इमारतींच्या दारांना बोटाच्या ठशावर उघडणारी कुलपं आली. उरलेली माणसं फोनवर कुलूप मागवायची आणि ते बसवता आलं नाही की मग चावीभाऊंकडे यायची. "तेवढं बसवून द्या हो, माल आमच्याकडे आहे." दुसऱ्याच्या लग्नात वाढपी म्हणून उभं राहावं तसं त्यांना व्हायचं.

त्यांचे साडू आधी विमा विकायचे, मग पाणी शुद्ध करायची यंत्रं, आणि आता सल्ला विकत. लहान दुकानदारांनी नव्या जमान्यात धंदा कसा वाढवावा, यावर ते शिबिरं घेत. एका रविवारी दुपारी ते लॅपटॉप घेऊनच घरी आले.

"साडूभाऊ, तुमचं दुकान कुठे आहे?"

"असं काय विचारता? पोस्टाच्या शेजारी."

"चूक! दुकान आता गिऱ्हाइकाच्या हातात आहे. फोनमध्ये. तिथे तुम्ही नाही, म्हणजे तुम्ही कुठेच नाही."

चावीभाऊंना ते पटलं. त्यांनी कुलपात तेल कसं घालावं यावर एक व्हिडिओ केला. तो एक्केचाळीस जणांनी पाहिला, त्यातले निम्मे बायकोच्या माहेरचे. मग किल्ली वाकडी झाल्यास काय करावं, यावर दुसरा केला. तो एकोणतीस जणांनी पाहिला. म्हणजे माहेरचेही कंटाळले.

साडूंनी दोन्ही व्हिडिओ पाहिले आणि कपाळावर हात मारला. "तेल काय घालताय? ऐका, लोक कुलूप विकत घेत नाहीत, झोप विकत घेतात. पण झोप विकायची तर आधी ती उडवायला लागते. भीती दाखवा. मग इलाज दाखवा. इलाज तुमच्या भिंतीवर टांगलेलाच आहे."

सल्ला चावीभाऊंच्या डोक्यात घर करून बसला. त्या आठवड्यात त्यांनी घरी बाकावर एक पितळी कुलूप ठेवलं. चौकोनी, जड. त्यांनी स्वतःच पंधरावीस वर्षं गावभर विकलेलं. साडूंनी फोन धरला. चावीभाऊंनी दोन साध्या तारा घेतल्या आणि तारा कशा धरायच्या, कुठे दाबायच्या, बोटाला काय जाणवलं की थांबायचं, हे सगळं बोलत बोलत वीस सेकंदांत कुलूप उघडलं. मग कॅमेऱ्याकडे बघून हसले. "बघितलंत? हे कुलूप नाही, खेळणं आहे. तुमच्या दाराला हेच असेल तर आजच बदला."

बायको स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. "अहो, हे असं चव्हाट्यावर मांडायचं असतं का?"

"लोकांना सावध करतोय मी."

"सावध करायचं तर कुलूप वाईट आहे एवढं सांगा की. उघडून कशाला दाखवता?"

"त्याशिवाय बघणार कोण?" चावीभाऊ म्हणाले. हे वाक्य आपलं नाही, साडूंचं आहे, हे त्यांना बोलतानाच जाणवलं. पण तोवर व्हिडिओ गेला होता.

तो तीन लाखांवर लोकांनी पाहिला. दुकानापुढे माणसं उभी राहू लागली. भिंतीवरची नवी कुलपं आठवड्यात संपली, पुन्हा मागवली, पुन्हा संपली. बसस्टॉपवर अनोळखी लोक म्हणायचे, "तुम्ही ते वीस सेकंदवाले ना?" चावीभाऊंनी दोन नवे शर्ट शिवले, व्हिडिओसाठी म्हणून. सव्वीस वर्षांत कुणी त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं नव्हतं. लोक बघायचे ते हाताकडे, तेही घाईत. माणसाला असं डोक्यावर घेतलं की पाय जमिनीला लागत नाहीत. त्यांचेही लागेनात.

दीड महिन्याने सिस्टर दुकानात आल्या. सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त परिचारिका, एकट्याच राहायच्या. गल्लीतल्या अर्ध्या लोकांना पहिलं इंजेक्शन त्यांच्याच हातचं.

"भाऊ, माझ्याकडे चोरी झाली," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता, पण पिशवीचा बंद त्यांनी बोटाभोवती गच्च गुंडाळला होता. "मंगळवारी सकाळी मी दवाखान्यात गेले होते, एका जुन्या मैत्रिणीला बघायला. दोन तासांत आले. दार उघडं. कडी तोडलेली नाही, कुलूप फोडलेलं नाही. जसं काही माझ्याच किल्लीने उघडलं."

"काय गेलं?"

"थोडे पैसे. ते जाऊ दे. माझं छातीला लावायचं घड्याळ गेलं. नाडी मोजायचं. तेहेतीस वर्षं वापरलं होतं." मग त्या कसनुसं हसल्या. "तुम्हीच म्हणाला होतात, हत्ती आला तरी हे कुलूप उघडणार नाही."

चावीभाऊंना ते कुलूप आठवलं. तेच पितळी, चौकोनी. चौदा वर्षांपूर्वी त्यांनीच त्या दाराला लावलेलं.

"सिस्टर, तुम्ही... तुम्ही माझा तो व्हिडिओ नाही पाहिलात?"

"कसला व्हिडिओ? माझ्याकडे बटणांचा फोन आहे, भाऊ."

आणि तिथे, स्टुलावर बसल्या बसल्या, चावीभाऊंना आपल्या जाहिरातीचा हिशेब कळला. ज्यांच्याकडे मोठा फोन होता त्यांनी व्हिडिओ पाहिला आणि कुलूप बदललं. चोरांकडेही मोठा फोन होता. ज्यांच्या दाराला अजून जुनं कुलूप होतं, त्या म्हाताऱ्या, एकट्या माणसांपर्यंत मात्र तो व्हिडिओ पोचलाच नव्हता.

हे त्यांनी तेव्हाच बोलून टाकायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "कंपनीचा माल अलीकडे बिघडलाय, सिस्टर. पहिल्यासारखं राहिलं नाही."

मग त्यांनी सिस्टरांच्या घरी जाऊन नवं कुलूप लावलं. खोलीत एक पलंग, एक टेबल, औषधांची रांगेत लावलेली डबडी. दाराशी एक लाकडी खुर्ची पाठ टेकवून ठेवली होती. "रात्री ती दाराला लावून बसते," सिस्टर म्हणाल्या, "झोप लागत नाही म्हणून." चावीभाऊ पैसे नको म्हणाले, पण सिस्टरांनी ऐकलं नाही. निघताना त्या म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून बरं आहे हो." ते जिना उतरले तेव्हा हत्यारांची पिशवी वरच विसरली होती. परत वर जाऊन ती मागायचं धाडस त्यांना झालं नाही. दुसऱ्या दिवशी बायकोला पाठवून आणवली.

आठवड्याने पोलीस चौकीतून बोलावणं आलं. दोघे जण सापडले होते, पाच घरं फोडलेले, त्यांत सिस्टरांचंही. फौजदारांनी चावीभाऊंना खुर्ची दिली, चहा दिला. त्यांच्यावर गुन्हा असा काही नव्हता, फक्त चोरांच्या जबाबात त्यांचा उल्लेख आला होता. फौजदारांनी आपला फोन टेबलावर उभा केला आणि व्हिडिओ लावला. चौकीत जाणारे-येणारे थांबून बघायला लागले. चावीभाऊंना स्वतःचाच आवाज ऐकावा लागला. "बोटाला असं जाणवलं की थांबायचं..." आणि शेवटचं ते हसू.

"त्यांतला एक म्हणतो, चार वेळा पाहिला आणि जमलं," फौजदार म्हणाले. मग अगदी सरळ मनाने, टोमणा न मारता म्हणाले, "छान समजावून सांगता हो तुम्ही."

त्यांना कुणी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कान इतके तापले की चहाचा कप ओठांना गार लागला.

घरी येऊन त्यांनी व्हिडिओ काढून टाकला. पण तो आता त्यांचा राहिला नव्हता. कुणीकुणी तो उतरवून घेऊन आपल्या नावावर टाकला होता. एकाने तर मागे ढोलकी वाजवली होती. बाणाला परत ये म्हणण्यासारखं होतं ते.

बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "सिस्टरांना सांगितलंत?"

"नाही."

"कधी सांगणार?"

दुसऱ्या दिवसापासून सिस्टरांच्या घरावरून जाणारा रस्ता टाळून ते लांबच्या वाटेने दुकानात जाऊ लागले. एकदा त्या समोरून येताना दिसल्या, तर चावीभाऊ चटकन औषधांच्या दुकानात शिरले आणि गरज नसताना डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन बाहेर पडले. पन्नाशी उलटलेला माणूस, शाळा चुकवलेल्या पोरासारखा लपत होता. त्याचीही वेगळी लाज वाटायची.

सिस्टरांकडे नवं कुलूप लावलं त्याच्या अकराव्या दिवशी ते त्यांचा जिना चढले. सिस्टरांनी नवी किल्ली फिरवून दार उघडलं. ते आत गेले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी सगळं सांगितलं. तारा, वीस सेकंद, तीन लाख माणसं, चौकी. "आणि माल बिघडला म्हणालो ते खोटं होतं," हेही सांगितलं. मान खाली होती, म्हणून त्यांना फक्त सिस्टरांच्या चपला दिसत होत्या.



"आमच्या वॉर्डात," सिस्टर म्हणाल्या, "चुकून दुसरंच औषध दिलं गेलं, तर त्याच तासाला वहीत लिहायला लागायचं. नोकरी जाईल म्हणून मुली रडायच्या. तरी लिहायला लागायचं. कारण लिहिलं की पेशंट वाचवता येतो. तुम्हाला अकरा दिवस लागले, भाऊ."

"हो."

"अकरा दिवसांत आणखी कुणाच्या दाराला ते कुलूप आहे, ते बघितलंत?"

ते त्यांना सुचलंच नव्हतं. अकरा दिवस ते फक्त स्वतःच्या लाजेभोवती फिरत राहिले होते. माफीची वाक्यं जुळवत होते, सिस्टर रागावतील का, लोक काय म्हणतील, याचा विचार करत होते. दारं जिथल्या तिथे होती आणि दारांवरची कुलपंही.

"नाही," ते म्हणाले.

"मग इथे काय उभे राहिलात?" असं म्हणून सिस्टरांनी दार लावलं. आपटलं नाही. नीट लावलं.

चावीभाऊंकडे वही नव्हती, पण हाताने लावलेलं कुलूप ते विसरत नसत. बायकोने कागद घेतला, ते आठवून सांगत गेले. सुताराच्या वरची खोली. टपाल वाटणाऱ्याची सासू. दोन बहिणी राहतात ते कोपऱ्यातलं घर. अठ्ठ्याऐंशी दारं झाली. कारखानदाराकडून मिळेल तसा माल घेऊन, दुपारी दुकान बंद ठेवून ते एकेका दारात जाऊ लागले. प्रत्येक ठिकाणी तेच बोलायचं ठरवलं होतं. "हे कुलूप कसं उघडतं ते मी जगाला दाखवलं. चूक माझी आहे. बदलून देतो, पैसे नकोत."

वाटलं होतं, दहा दारं झाली की जीभ सरावेल. सरावली नाही. कुणी हसलं. एका आजोबांना ऐकू येत नव्हतं, त्यांना हेच तीनदा ओरडून सांगावं लागलं आणि शेजारपाजारच्या खिडक्या उघडल्या. दोन बहिणींपैकी धाकटीने त्यांच्याकडे एकटक बघितलं आणि म्हणाली, "आमच्याकडे पण येऊन गेलं असतं कुणी?" एका तरुण सुनेने कडी लावून आतूनच सांगितलं, "फुकट म्हणता, मग नंतर काहीतरी विकाल. ही पण जाहिरातच ना तुमची?" तिचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी आणि साडूंनी मिळूनच लोकांना हे शिकवलं होतं. तिथे ते दोनदा आणखी गेले. दार उघडलं नाही.

साडूंच्या कानावर सगळं गेलं तेव्हा ते धावतच आले. थोडे ओशाळलेही होते. पण खोड जाता जात नाही. "एक सुचवू? रागावू नका. हे घरोघर फिरणं कॅमेऱ्यात घ्या. माफीचा व्हिडिओ तर त्याहून जास्त चालेल. लोकांना प्रामाणिक माणूस आवडतो."

चावीभाऊंना राग येत नव्हता. लाज वाटत होती ती याची, की क्षणभर, अगदी डोळ्याचं पातं लवेपर्यंत, त्यांना ते पटलं होतं. कुठला शर्ट घालावा हेसुद्धा मनात येऊन गेलं होतं.

"चहा घ्या," ते म्हणाले, "आणि हा विषय पुन्हा काढू नका."

वर्ष उलटलं. अठ्ठ्याऐंशीपैकी एकाहत्तर दारं झाली. बाकीची माणसं घर सोडून गेली होती, नाहीतर नको म्हणाली. सिस्टर दुकानासमोरून जायच्या, मान किंचित हलवायच्या, थांबायच्या नाहीत. एक दिवस दवाखान्यात नव्याने लागलेली एक परिचारिका दुकानात आली. भाड्याची खोली घेतली होती, दाराला कुलूप हवं होतं.

"सिस्टरांनी तुमच्याकडे जा म्हणून सांगितलं," ती म्हणाली. मग जरा घुटमळली. "म्हणजे, त्या असं म्हणाल्या, की चूक सांगायला उशीर करतात, पण सांगतात."

चावीभाऊंचे कान पुन्हा तापले. यंत्रावरचा पितळेचा भुगा त्यांनी उगाच दोनदा फुंकून काढला. मग खालच्या खणातून मोजपट्टी घेतली आणि विचारलं, "दार आत उघडतं, की बाहेर?"