हौदाला दोन कुलुपं

नव्या जिल्ह्याला कचेऱ्या लागतात, कचेऱ्यांना माणसं लागतात आणि माणसांना घरं. लातूर जिल्हा झाला तेव्हा कचेऱ्या भाड्याच्या जागेत सुरू झाल्या, माणसं बदलीचे हुकूम घेऊन ट्रकांतून येऊन पडली, घरं मात्र अर्धीच बांधून झाली होती. आमच्या ह्यांची नांदेडहून बदली झाली आणि आम्ही गावाबाहेरच्या त्या अर्ध्या क्वार्टरांत राहायला आलो. एक ओळ पुरी झालेली, तिच्यात आठ बिऱ्हाडं. मागची ओळ नुसत्या भिंतींची, वर पत्रे नाहीत. पलीकडे बाभळी आणि भेगाळलेलं काळं रान. एसटी फाट्यावर थांबायची, तिथून चालत यायचं. पावसानं दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं.

लग्नाआधी नांदेडला मी दोन वर्षं कॉलेज केलं होतं. इतिहासाचे सर सांगायचे, माणसाची संस्कृती नदीच्या काठी जन्मते. पाणी मिळालं की माणूस थांबतो, थांबला की शेजार होतो, शेजारातून गाव उभं राहतं. मी गोदावरीकाठची. घाटावर धुणं आपटणाऱ्या बाया बघत वाढलेली, म्हणून मला ते सहज पटलं होतं. लातूरच्या त्या माळावर आले तेव्हा पहिल्यांदा शंका आली की सरांनी गोष्ट अर्धीच सांगितली असावी. पाणी नसलेल्या जागी, एकमेकांना न ओळखणारी माणसं कुणीतरी आणून टाकली, तर तिथं काय जन्मतं, हे त्यांनी सांगितलं नव्हतं.

आमच्यात पहिल्यांदा जन्मला तो संशय. सामान उतरत होतं तेव्हाच पलीकडच्या दारातून एक बाई आल्या. अव्वल कारकुनांची बायको. वयानं सगळ्यांत मोठ्या, म्हणून पुढं सगळ्याच त्यांना काकू म्हणू लागल्या.

"गाव कोणतं म्हणायचं?"

"नांदेड."

"तसं न्हाई. मूळ गाव?"

मी गाव सांगितलं. त्यांनी आडनाव विचारलं. मग देव कोणता, हे विचारलं. माझ्या उत्तरांतून त्यांना हवं ते मिळालं असावं, कारण त्या चहा घेऊन आल्या. शेवटच्या खोलीत राहणाऱ्या जीपच्या ड्रायव्हरच्या बायकोला असलं काही विचारावं लागलं नाही. तिला सगळ्या भाबी म्हणायच्या. तिच्याकडे चहा गेला नाही. तिचं माहेर उदगीरचं, कडेवर तीन महिन्यांचं मूल. मराठी आमच्यासारखीच बोलायची, पण राग आला की दखनीत शिरायची.

पाणी टँकरनं यायचं. मागच्या बिनछताच्या ओळीच्या आडोशाला जमिनीत बांधलेला हौद होता, त्यावर लोखंडी झाकण. टँकर तीन दिवसांनी येऊन त्यात ओतून जायचा. सुरुवातीला ज्याला जसं लागेल तसं शेंदून न्यायचं. पहिल्याच आठवड्यात दोन घरांची भांडणं जुंपली आणि काकूंनी सगळ्यांना हौदापाशी बोलावलं. तिथं आमचा पहिला कायदा झाला. माणशी दोन घागरी, लेकराला एक. हौदापाशी कुणी धुणं धुवायचं नाही. सांडपाणी वाटेवर सोडायचं नाही. पुरुषांना कुणी विचारलं नाही आणि तेही बोलले नाहीत. एखादं मूल तापलं तर रॉकेल उसनं मिळू लागलं, कुणी गावात निघालं तर बाकीच्यांचं दळणही नेऊ लागलं. मला वाटलं, जमतंय.

मग पाणी कमी पडायला लागलं. टँकर तेवढंच ओतत होता, आम्ही तेवढंच नेत होतो, तरी तिसऱ्या दिवशी बादली तळाला खरडायची. शेजारच्या बीडकडच्या बाईनं हौदात काठी उभी धरून ओलीची खूण केली. सगळ्यांचं पाणी नेऊन झाल्यावर सकाळी एक खूण, संध्याकाळी दुसरी. मधे चार बोटं पाणी गेलेलं.

"कुणीतरी न्यायलंय," ती म्हणाली.

नाव कुणी घेतलं नाही. सगळ्यांची नजर मात्र शेवटच्या खोलीकडे गेली. तिथं दोरीवर रोज दुपटी वाळत असायची. बीडकडची म्हणाली, "इतकी दुपटी धुवायला पाणी कुठून येतं?" तोवर मलाही तो प्रश्न पडला नव्हता. तिनं विचारला आणि वाटलं, खरंच की.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी, काकू, बीडकडची आणि मी, विरजण मागायच्या निमित्तानं भाबीच्या दारात गेलो. ती लेकराला पाजत होती. उठून तिनं वाटीत विरजण दिलं. काकूंची नजर मोरीत, बीडकडचीची पलंगाखाली, माझी कोपऱ्यातल्या पिंपावर. तिनं ते बघितलं. तिचं तोंड एकदम उतरलं आणि मग कठीण झालं.

"विरजण लेने कू आये, के पानी मापने कू?"



तिनं लेकराला खाली ठेवलं आणि पिंपाचं झाकण स्वतःच काढलं. तळाला वीतभर पाणी. मग मोरीतली बादली पुढं ओढली. "यातच दुपटी. सकाळचं पाणी दुपारला, दुपारचं संध्याकाळला. शेवटचं गढूळ झालं की दारातल्या लिंबाला. बघा, वास घ्या. घ्या ना." बादली तिनं काकूंच्या पायाशी आदळली.

बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "बोलण्यावरून काय कळतंय? चोर लई बोलतो." त्यांच्या बोलण्यातली घाई मला तेव्हा जाणवली होती, पण मी तिचा अर्थ लावला नाही.

संध्याकाळी काकूंनी कुलपाचा विषय काढला. हौदाला कुलूप घालायचं, सकाळी एकदाच उघडायचं, सगळ्यांनी आपापलं पाणी न्यायचं. सगळ्यांना पटलं. भाबी लेकरू घेऊन मागं उभी होती, तिनं विचारलं, "कुलूप लावा. पण किल्ली कुणापाशी?"

हसल्या सगळ्या. हा काय प्रश्न झाला? किल्ली काकूंपाशी. वयानं मोठ्या, घर सोवळ्याओवळ्याचं, त्यांच्यावर कोण संशय घेणार? काकूंनी किल्ली काळ्या दोऱ्यात ओवली आणि कमरेला लावली.

कुलूप लागल्यावर पाणी आणखीच कमी पडू लागलं. आता मात्र वस्ती बिघडली. प्रत्येक घरानं आपल्या पिंपालाही कुलूप आणलं. रॉकेल उसनं मिळेना. कुणाच्या घरी पाहुणा आला तर शेजारीण त्याच्या आंघोळीचा आवाज ऐकायला भिंतीला कान लावायची. कुलूप असताना पाणी जातं म्हणजे दुसरी किल्ली कुणीतरी करून घेतली, आणि ड्रायव्हर तर रोज गावात जातो, असं बोललं जाऊ लागलं. भाबीशी बोलणंच बंद झालं. सरांनी सांगितलेलं गाव काही आमच्याकडे उभं राहत नव्हतं. आठ घरं एका भीतीत राहत होती, एवढंच.

एका दुपारी माझं डोकं चढलं होतं. उन्हानं सगळी दारं बंद, माणूस दिसेना. वारा लागेल म्हणून मी मागच्या बिनछताच्या खोलीत भिंतीच्या सावलीला जाऊन बसले. सायकलचा आवाज आला. आमच्या सगळ्यांच्या बदल्या ज्यांच्या हातात, त्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यावरचा शिपाई, कॅरिअरला दोन पत्र्याचे डबे बांधलेले. पाठोपाठ काकू आल्या, कमरेची किल्ली काढली, झाकण उघडलं. त्यानं डबे भरले. दोघं एक शब्द बोलले नाहीत, जसं काही रोजचंच काम होतं.

मी घरी आले आणि भिंतीला टेकून बसले. सांगितलं तर कोण ऐकेल? काकूंपुढं माझं काय चालणार? संध्याकाळी मी भाबीकडं गेले. तिनं दार अर्धंच उघडलं. मी पाहिलं ते सांगितलं. ती लगेच खूश होईल असं मला वाटलं होतं. तिनं उलट मलाच निरखून पाहिलं.

"मला कशाला सांगायलीस? मला पुढं करून तू मागं राहणार?"

"नाही. मला साक्षीदार पाहिजे."

"मी साक्ष दिली तर कोण मानंल? बोलायचं तुला. मी नुसती उभी राहीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी भिंतीआड उभ्या राहिलो. लेकराला तिनं पदराखाली घेतलं होतं, ते रडू नये म्हणून. सायकल आली, काकू आल्या. पहिला डबा भरला तेव्हा मी पुढं झाले. शिपाई डबा तिथंच ठेवून बाजूला सरला. काकूंचा हात कुलपावरच राहिला.

"काकू, हे काय?"

मला वाटलं त्या ओरडतील. त्या हौदाच्या कट्ट्यावर बसल्या.

"बाईसाहेबांनी एक डबा मागितला होता. गुलाब जळून चालले म्हणाल्या. एका डब्याला न्हाई कसं म्हणू? मग दोन मागितले. मग रोजचंच झालं. आमच्या ह्यांची रिटायरमेंट जवळ आलीय. कुठं आडरानात फेकलं म्हातारपणी, तर? न्हाई म्हणायला तोंड पाहिजे, ते कुणाला आहे इथं? तुला आहे?"

मला नव्हतं. ते त्यांना ठाऊक होतं.

"आणि नाव माझं घेतलं," भाबी म्हणाली. नुसती उभी राहणार म्हणाली होती, पण तिला राहवलं नाही. काकूंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी सगळ्या जमल्या. मी सांगितलं, काकूंनी नाकारलं नाही. आरडाओरडा झाला. कुणी म्हणालं किल्ली दुसऱ्या घरी द्या. पण कुणाच्या? प्रत्येक नावाला कुणीतरी मान हलवत होतं. साहेबाचा शिपाई उद्या त्या घरी जाईल, आणि तिथंही नाही म्हणायला तोंड नसेल, हे आता सगळ्यांना कळलं होतं. अर्धा तास आम्ही विश्वासाचं माणूस शोधत होतो. सापडेना.

मग बीडकडची म्हणाली, "दोन कुलुपं लावा. एक किल्ली काकूंपाशी, एक भाबीपाशी."

"त्या दोघी तर बोलत न्हाईत एकमेकींशी."

"म्हणून तर."

तसंच केलं. झाकणाच्या कडीत दोन कुलुपं. रोज उजाडताना दोघी आपापल्या दारातून निघायच्या, दोन बाजूंनी हौदापाशी यायच्या, आपापलं कुलूप काढायच्या. एकमेकींच्या तोंडाकडं बघायच्या नाहीत. पण दोघींतली एकही कधी चुकली नाही. पाणी पुरायला लागलं. पिंपांची कुलुपं आपोआप निघाली. महिनाभरानं बीडकडची मला दळणाला बरोबर घेऊन गेली. आम्ही एकमेकींवर विश्वास ठेवू लागलो होतो, असं म्हणवत नाही. विश्वास नसतानाही दिवस नीट जाऊ लागला होता. सरांना हे विचारायचं माझ्या मनात बरेच दिवस होतं, की सर, संस्कृती म्हणतात ती हीच का? पण नांदेडला गेले तेव्हा ते रिटायर होऊन कुठंसं निघून गेले होते.

दोन कुलुपं लागली त्याच्या दुसऱ्याच दुपारी शिपाई रिकामे डबे घेऊन परत गेला होता, त्याच्या पाच-सहा दिवसांनी जीप आली. चालवत होता भाबीचा नवरा. मागं बाईसाहेब. जीप हौदापाशी थांबली तशा आम्ही दारांतून बाहेर आलो. ड्रायव्हर समोर बघत स्टिअरिंगला धरून बसला होता. त्यानं आपल्या बायकोकडं मान वळवली नाही.

"पाणी का बंद केलं?" बाईसाहेबांनी काकूंना विचारलं. आवाज चढा नव्हता, आश्चर्याचाच होता.

बोलल्या त्या काकू.

"बंद न्हाई केलं बाईसाहेब. माझ्या एकटीच्या हातात न्हाई आता ते. दोन कुलुपं हायेत. माझी किल्ली मी आत्ता देते. पण दुसरी माझी न्हाई."

आणि त्यांनी कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा भाबीकडं पाहिलं. भाबी म्हणाली, "सकाळी उघडतो, बाई. माणशी दोन घागरी. शिपायाला पाठवा, नंबरात उभं राहू द्या."

बाईसाहेबांनी आम्हा सगळ्यांवरून नजर फिरवली. ती माझ्यावर जरा जास्त थांबली असं मला वाटलं, पण ज्याच्या मनात भीती त्याला तसं वाटतंच. जीप वळून गेली. काकू तिथंच कट्ट्यावर बसून रडल्या. मला कळेना, लाजेनं की सुटल्यासारखं झालं म्हणून. शिपाई सकाळच्या नंबरात कधी आला नाही.

पावसाळा संपता संपता आमच्या ह्यांची बदली आली. जळकोटकडच्या एका रस्त्याच्या कामावर. वर्ष पुरं व्हायच्या आत. कारण नेहमीचंच, कामाची निकड.

"पाण्याच्या भानगडीचं आहे," हे म्हणाले.

"पण बोलल्या काकू. बोलली भाबी."

"काकूंच्या घरी हुकूम आला का? ड्रायव्हरच्या घरी आला का? तुझं नाव कुणीतरी सांगितलं."

कुणी, हे त्यांनी म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. कदाचित खरंच निकड असेल. रस्त्याची कामं तेव्हा सगळीकडंच निघाली होती.

निघायच्या सकाळी भाबी ट्रकपाशी आली, लेकरू आता उभं राहत होतं. तिनं माझा हात धरला आणि सोडेना. काकू उशिरा आल्या. फडक्यात बांधलेले धपाटे आणि दाण्याची चटणी माझ्या हातात दिली, "वाटेत खा," म्हणाल्या आणि लगबगीनं माघारी फिरल्या. मी त्यांच्या पाठीकडं बघत राहिले. एवढी लगबग कशाची, ते मला कळलं नाही.

चाकूरच्या पुढं ट्रक एका लिंबाखाली थांबला. मी फडकं सोडलं. धपाटे अजून ऊन होते, म्हणजे पहाटे उठून केलेले.

"कुणी दिले?" ह्यांनी विचारलं.

"काकूंनी."

त्यांचा हात मधेच थांबला. मग त्यांनी एक धपाटा उचलला, त्यावर चटणी घेतली आणि म्हणाले, "चटणी चांगली झालीय. ड्रायव्हरलाही दे."