कावेरीकाठी मुक्तासोबत दोन दिवस

मे महिन्याच्या सुट्टीत मुक्ता येणार हे ठरलं आणि मी लगेच कावेरीकाठच्या एका कॅम्पमध्ये आम्हां दोघींची नावं घातली. मुक्ता माझी लेक, नऊ वर्षांची. माझी इलेक्ट्रॉनिक सिटीत रात्रपाळी, म्हणून ती निपाणीला माझ्या बहिणीकडे वाढते. मला ती 'मम्मी' म्हणते. 'आई' म्हणते ती मावशीला.

शनिवारी सकाळी निघालो. कनकपुरा रोडला लागलं की गर्दी मागे पडते. पुढे वळणं वाढतात, पेट्रोल आधीच भरून घ्या. वाटेत ताटलीएवढी तट्टे इडली खाल्ली. हॉटेलच्या अक्कांनी कौतुकानं विचारलं, "मगळा? लेक का?"

मी हो म्हणायच्या आत मुक्ता म्हणाली, "मी पाहुणी आलेय."

कॅम्प साधा आहे. अर्जुनाच्या झाडांखाली तंबू, दुपारी रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, आणि सारू, म्हणजे पातळ आमटी. दोघींचा मिळून खर्च माझ्या महिन्याच्या किराण्याएवढा. दुपारनंतर लाइफ जॅकेट चढवून टोपलीसारख्या गोल होडीत बसलो. वल्हवणारे मादप्पाअण्णा हसत म्हणाले, "स्वल्प फिरवू?" आणि होडी भिंगरीसारखी फिरली.

"आई गं! आई!" मुक्ता किंचाळली. हाक कुणाला होती, मला कळलं. पण माझं मनगट तिनं असं धरलं होतं की वळ उठले.

संध्याकाळी पाण्यात पाय सोडून बसलो होतो. ती हळूच म्हणाली, "मी घाबरले ते आईला सांगू नको."

"का गं?"

"मग ती मला परत तुझ्याकडे पाठवणार नाही."

मला राहवलं नाही. "जूनपासून माझ्याकडेच राहतेस? शाळा बघू आपण."

तिनं बराच वेळ पायानं पाणी ढवळलं. "पण तू घरी कधी असतेस?"

पलीकडच्या काठावर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. आम्ही दोघी तेच बघत राहिलो.

पुढच्या आठवड्यात बहीण न्यायला आली. यशवंतपूरला गाडी हलली तेव्हा मुक्ता खिडकीतून हात हलवत होती, आणि मी डब्याबरोबर प्लॅटफॉर्म संपेपर्यंत चालत गेले. दुसऱ्या दिवशी मॅनेजरकडे दिवसपाळी मागितली. "बघू," म्हणाले.

कॅम्प कसा होता, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. जरूर जा. आणि मुलांशी काही बोलायचं असेल, तर तिथेच पाण्याकाठी बोलून घ्या. घरी आल्यावर बॅगा भरायच्या असतात.