नदीची ओटी
ओल्या नारळाच्या शेंडीचा वास आला की मला क्यूबेकमधलं ते फ्रेंच खेडं आठवतं. पंधराएक वर्षांपूर्वी मुलगा आणि सूनबाई मला आणि सूनबाईच्या आईला तिथलं जुनं चर्च, दगडी पिठाची गिरणी आणि तिच्यामागचा धबधबा दाखवायला घेऊन गेले होते. आभाळ काळवंडलं होतं, तरी नदीला पाणी अगदीच कमी होतं. मुलं गिरणीची तिकिटं काढत असताना विहीणबाईंनी पिशवीतून खण-नारळ काढला. "नदीची ओटी भरायची होती, भाऊ. पण कठड्यापलीकडे जाऊ नका म्हणालीत ना पोरं?" इतक्यात वरच्या अंगाला भोंगा वाजला. सगळी नोकरी कारखान्यात केलेला मी हसून म्हणालो, "जेवणाच्या सुट्टीचा असेल. खडक कोरडा आहे, या जाऊन." त्या कठडा ओलांडून उतरल्या, आणि काठावरची पाखरं एकदम गप्प झाली. मग वरच्या धरणातून सोडलेलं पाणी भिंतीसारखं आलं. मुलानं त्यांना खडकांच्या बेचक्यातून ओढून काढलं, तेव्हा कमरेचं हाड मोडलं होतं. "आई, डोन्ट गो म्हटलं होतं ना!" सूनबाई ओरडली. विहीणबाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. "भाऊ नकोच म्हणत होते गं. मीच ऐकलं नाही." मुलाकडच्या माणसाला मुलीच्या आईनं उघडं पाडायचं नसतं, एवढ्यासाठी. मी गप्प बसलो. त्या पुढे काठीशिवाय कधी चालल्या नाहीत. गेल्या महिन्यात त्या गेल्या. सूनबाई रडत म्हणाली, "आई फार हट्टी होती, बाबा." मी म्हटलं, "नव्हत्या गं. त्यांना मीच पाठवलं होतं. बस, सगळं सांगतो."